लाव्हा गार आहे

मरोळ-मरोशी रस्त्यावर माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शाळा सुरू झाल्या की माझ्या गल्ल्यात जे पडतं, त्यात वह्या-पेनांचा वाटा कमी आणि 'प्रोजेक्ट'चा जास्त. थर्माकोलचे गोळे, कार्डशीट, जिलेटीन पेपर, आइस्क्रीमच्या काड्या, फेविकॉल, कलर प्रिंट, स्पायरल. गेली काही वर्षं तर मी तयार मॉडेलंच ठेवतो. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, मोहेंजोदडोचं स्नानगृह, काय हवं ते. त्यामुळे ज्याच्या नावाने मी इथे खडे फोडणार आहे, त्याच्यावरच माझ्या घरची चूल पेटते हे आधीच कबूल करून टाकतो. गुत्तेवाल्याने दारूबंदीवर भाषण ठोकावं तसं हे वाटेल. वाटू दे. कोण किती पितो हे गुत्तेवाल्याइतकं कोणाला ठाऊक असतं?

रविवार, रात्रीचे साडेनऊ. शटर मी अर्धं ओढलेलं. त्याखालून वाकून एक गृहस्थ आत डोकावतात. "भैया, सोलर सिस्टिम मिलेगा? कल सबमिशन है." मुलगा कितवीला? तिसरीला. कुठे आहे? "वो तो सो गया." ज्याची सूर्यमाला तो गाढ झोपलाय आणि बाप माझ्यासमोर उभा राहून दहा गोळे मोजून घेतोय, एक सूर्य आणि नऊ ग्रह. मी सांगतो, प्लूटोला २००६ सालीच ग्रहांच्या यादीतून काढलं, आता आठच. "टीचर ने नौ बोला है." मी दहावा गोळा पिशवीत टाकतो. आपल्याला काय, गोळा खपल्याशी मतलब. मध्यरात्रीपर्यंत जेवणाच्या टेबलावर गोळे रंगवले जातात, शनीची कडी गुरूला बसते, आणि सोमवारी त्या मॉडेलवर 'एक्सलंट' आणि सोनेरी चांदणी पडते. बाप दुसऱ्यांदा तिसरी पास होतो.

शाळांचे व्हॉट्सॲप निरोप मला गिऱ्हाइकांच्या फोनवर वाचायला मिळतात, कारण सामानाची यादी त्यातच असते. मजकूर ठरलेला. मॉडेल दीड फूट बाय एक फूट, बेस थर्माकोलचा, बॅटरीवरचा दिवा लावल्यास उत्तम, आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'पालकांनी मदत करू नये, मुलांना स्वतः करू द्यावे.' दीड फुटी थर्माकोल सरळ कापायला तापलेली तार लागते, नाहीतर धारदार कटर. सात वर्षांच्या मुलाच्या हातात कटर द्यायचा नाही आणि आईबापांनी हातही लावायचा नाही, मग थर्माकोल काय मारुतीराया येऊन कापणार? कोण कापणार हे शाळेला ठाऊक असतं. शाळेला ठाऊक आहे हे पालकांना ठाऊक असतं. आणि मूल मधे उभं राहून दोघांकडे बघत असतं. दुसऱ्याने केलेल्या कामावर आपलं नाव घालायचं, मॅडमनी विचारलं तर 'मीच केलं' म्हणायचं, आणि मॅडमनीही ते खरं धरून चालायचं. इतिहास-विज्ञान राहिलं बाजूला, पण नागरिकशास्त्राचा इतका पक्का धडा कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही.

विषय 'पर्यावरण वाचवा' असला की थर्माकोल दुप्पट खपतो. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबरच थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावट यांच्यावरही बंदी घातली. गणपतीच्या मखरातून तो हाकलला गेला. वसुंधरा दिनाच्या मॉडेलात मात्र सुखाने नांदतो आहे. विकणारा मीच, तेही लिहून ठेवा.

आता ज्वालामुखीकडे येतो, कारण हा लेख लिहायची खाज तिथूनच सुटली.

कागदाच्या लगद्याचा शंकू, त्याला तपकिरी रंग, शिखरावर बाटलीचं झाकण. झाकणात खायचा सोडा आणि चिमूटभर लाल रंग, वरून व्हिनेगर. फेस येतो, टाळ्या पडतात. विज्ञान प्रदर्शनाच्या आठवड्यात हे ज्वालामुखी मी डझनावारी विकतो. दोनेक वर्षांपूर्वी एक बाई आपल्या तिसरीतल्या मुलाला घेऊन आल्या. मॉडेल नक्की चालतं ना, म्हणून त्यांनी मला काउंटरवरच करून दाखवायला लावलं. फेस वर आला, उतारावरून ओघळला. पोराने कोणालाही न विचारता त्यात बोट घातलं. मग दुसरं घातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, लाव्हा गार आहे."

सोडा आणि व्हिनेगरची ती क्रिया उष्णता शोषून घेते, मिश्रण आधीपेक्षा थंड होतं. हे मी कधीकाळी वाचलेलं. पण इतकी वर्षं ज्वालामुखी विकून माझं बोट कधी त्यात गेलं नव्हतं. खरा लाव्हा हजार अंशांच्या वर तापलेला असतो, आणि हा लेकाचा गार! दहा सेकंदांत त्या मुलाने अख्ख्या प्रदर्शनाचं बिंग फोडलं होतं. विज्ञान म्हणतात ते इथून पुढे सुरू होतं. गार का? किती गार? थर्मामीटर आणू का? व्हिनेगर कोमट घेतलं तर? सोडा दुप्पट घातला तर आणखी गार होईल का? त्या दोन बोटांत महिनाभराचा प्रकल्प होता. आई म्हणाली, "शी, हात पूस आधी, शर्टाला लागेल." आणि मला, "दादा, पॅक करा."

प्रदर्शनात म्हणायचं भाषण मीच प्रिंट काढून दिलं होतं. इंग्रजीतल्या दहा-बारा ओळी, मॅग्मा चेंबर वगैरे. त्यात 'गार' हा शब्द कुठेही नव्हता.

आणि हे कुठे चाललंय तेही बघा. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर पसरत गेला, थरावर थर. शंकूतून कारंजासारखा उडाला नाही, पातेल्यातून दूध उतू जावं तसा पसरला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या थरांवर बसलेला आहे. घाटातून जाताना कड्यांना ज्या पायऱ्या दिसतात ते हेच थर, आणि 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल उभी आहे. ६१ मीटरचा काळा सरळसोट खडक, लाव्हा थंड होताना तडकून झालेले त्याचे उभे खांब रस्त्यावरून दिसतात. आमच्या मरोळ नाक्याखाली तर मेट्रो ३ साठी वर्षानुवर्षं तो खडक फोडत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी गाडी सुरू झाली, तोवर दगडाने भरलेले डंपर आमच्या नाकासमोरून जात होते. त्यातला एक दगड वर्गात नेऊन टेबलावर ठेवलाय असं मला एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. लाव्हावर उभं राहायचं, लाव्हाचीच खडी घालून बांधलेल्या शाळेत बसायचं आणि लगद्याचा चुकीचा ज्वालामुखी करून त्यावर चांदणी मिळवायची!

हे बोलायचा मला अधिकार काय, असं कोणी विचारील. थोडासा आहे. मी डी.एड. आहे. आमच्या नोट्समध्ये एक प्रकरण होतं, प्रकल्प पद्धती. प्रणेता किलपॅट्रिक, अमेरिका, १९१८. पायऱ्या चार, हेतू, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. मी ते घोकलं, परीक्षेत ओकलं, चांगले गुण मिळवले. मुलांनी स्वतः करून शिकावं ही गोष्ट आम्ही फळ्यावरून उतरवून पाठ केली, त्यात कोणाला काही खटकलं नाही. पुढे २०१२ पासून राज्यातली शिक्षकभरती वर्षानुवर्षं थंडावली आणि माझ्यासारखे कित्येक डी.एड.वाले कुरिअरला, बँकेच्या कलेक्शनला, दुकानांना लागले. शिकवायला शाळा मिळाली नाही, शाळेला सामान पुरवायला मिळालं. तर त्या चार पायऱ्या आज कोणाच्या वाट्याला आल्यात बघा. हेतू मॅडमचा. नियोजन आईचं. अंमलबजावणी माझी. मूल्यमापन पुन्हा मॅडमचं. मुलाकडे काम एकच, रिक्षातून नेताना मोडू द्यायचं नाही.

कायद्यात काही खोट नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृतीतून, शोधातून शिकणं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं ठरली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम यांच्या पंगतीत प्रकल्पही बसला. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी मुलांचं भलंच चिंतलं होतं. पण आपल्याकडे चांगल्या गोष्टीचा एकदा रकाना झाला की तिचं तेरावं घालायचंच तेवढं उरतं. रकान्यात १० पैकी ९ लिहिता येतं, 'गार आहे' लिहिता येत नाही. दुसऱ्या बोर्डांच्या शाळांत रकान्याचं नाव इंग्रजी आहे, फरक तेवढाच.

त्या थर्माकोलच्या सूर्यमालेचंच घ्या. माझ्याकडे गोळ्यांचे पाच आकार येतात, सगळे एका फुटाच्या खोक्यात मावतात, म्हणजे सूर्य गुरूच्या दुप्पट आणि पृथ्वी त्याला जवळजवळ चिकटलेली. मूल हे डोळ्यांनी बघून शिकतं, म्हणजे चुकीचं शिकतं आणि जन्मभर विसरत नाही. आता गोळे न घेता हे करा. मरोळ नाक्यावर मेट्रोच्या जिन्यापाशी खडूने एक मीटर व्यासाचा सूर्य काढा. या मापाने पृथ्वी ९ मिलिमीटरची होते, म्हणजे एक काबुली चणा, आणि तो ठेवायला १०७ मीटर चालावं लागतं. गुरू म्हणजे चांगलं मोठं मोसंबं, ते साडेपाचशे मीटरवर. नेपच्यून लिंबाएवढा, पण त्याला ठेवायला सव्वातीन किलोमीटर जायचं. अंधेरीच्या दिशेने निघालात तर हायवे ओलांडून पलीकडे, स्टेशन जवळ आल्यावर. वाटेत मुलांचे पाय दुखतील, एक जण रडेल, कोणीतरी चणा खाऊन टाकील. पण मधली सगळी जागा रिकामी आहे हे त्यांच्या पोटऱ्यांना कळलेलं असेल. खर्च मोसंबं, लिंबू, मूठभर चणे. माझा धंदा शून्य.

इतिहासाची गत आणखी वाईट, कारण तो आमच्या दारात आहे आणि आम्ही दुसऱ्याचा विकत आणतो. 'केव्ह्ज ऑफ इंडिया' असा प्रोजेक्ट निघाला की माझ्याकडे अजिंठ्याच्या कलर प्रिंटची रांग लागते. अजिंठा इथून चारशे किलोमीटरहून लांब. महाकालीची लेणी मरोळ नाक्यावरून रिक्षाच्या अंतरावर. कोंडिविट्याची ती १९ बौद्ध लेणी, सुरुवातीची दोन हजार वर्षांच्या आसपासची. नऊ नंबरच्या लेण्यात गोल गाभाऱ्यासारख्या खोलीत स्तूप आहे, दगडातच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत, ब्राह्मीतला दानलेख आहे. बाहेर पाण्याची टाकी खोदलेली आहेत. चौथीच्या वर्गाला तिथे नेऊन काय करायचं? भाषण तर मुळीच द्यायचं नाही. टाकं मोजायचं. लांबी, रुंदी, खोली, त्यात किती बादल्या पाणी मावेल, दहा भिक्षूंना ते किती दिवस पुरेल. मग लेण्यांना हात न लावता रस्त्याकडेचा एक काळा दगड घरी आणायचा, त्यावर पाथरवटाची छिन्नी मोठ्या माणसासमक्ष दहा मिनिटं चालवायची, आणि पडलेली पूड वाण्याच्या काट्यावर तोलायची. काटा हलतच नाही. तेवढं बघितलं की एका खोलीचा दगड बाहेर काढायला काय लागलं असेल हे सांगावं लागत नाही. पण शाळेतून सहल निघते ती वॉटर पार्कला. तिथे चार-चार बस जातात, संमतीपत्रं पटापट भरली जातात. लेण्यांना न्यायचं म्हटलं की मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो.

सीप्झच्या आत एक पडकं चर्च आहे. १५७९ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी बांधलेलं, १८४० मध्ये गावात साथ आली तेव्हा सोडून दिलेलं. छप्पर गेलं, भिंती उभ्या आहेत. भोवती निर्यातीच्या कारखान्यांचं कुंपण पडलं आणि आत जायला गेटवर पास दाखवावा लागतो. साथ आली म्हणून गाव आणि चर्च सोडून माणसं कुठे गेली? करोनात दोन वर्षं खिडकीत बसून शाळा शिकलेल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. तो विचारायला मरोळ गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती आज्या-आजोबा आहेत. ते विमानतळाच्या आधीपासून इथेच आहेत, इथल्या भातखाचरांच्या गोष्टी त्यांना ठाऊक आहेत. माझ्याकडे त्यांच्यातले काही जण जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला येतात. आज जिथे काचेची इमारत चकाकते तिथे 'भात' लिहिलेला कागद माझ्या मशीनखालून गेला आहे. एकदा असाच कागद काचेवर होता, आणि त्या बाईंच्या मागे रांगेत एक पोर उभं होतं. त्याला 'सोर्सेस ऑफ हिस्ट्री'चा तयार चार्ट हवा होता. नाणी, ताम्रपट, शिलालेख, सगळ्यांची चित्रं असलेला, वीस रुपयांचा. मी झेरॉक्स थांबवून त्याला आधी चार्ट दिला, कारण त्याची रिक्षा उभी होती.

आता मला कोणी सांगू नये की मराठी मुलांना करून शिकण्याची सवय नाही. दिवाळीतला किल्ला हा काय प्रकार होता? आमच्या चाळीत आम्ही आरेतून पिशव्या भरभरून माती आणायचो. विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, वर आळीव पेरलेला. पहिल्या दिवशी बांधलेला कडा दुसऱ्या दिवशी ढासळायचा, मग कोणीतरी शोधून काढायचं की उतार कमी केला तर माती टिकते. टाक्यातलं पाणी जिरायचं, मग खाली डालड्याच्या डब्याचं झाकण बसायचं. दरवाजा कुठे ठेवायचा यावरून मारामारी व्हायची. समोर ठेवला की पलीकडच्या चाळीतली पोरं हसायची, शत्रूला रांगोळी काढून बोलावताय का म्हणून. मग कोणाचा तरी मामा सांगायचा, दोन बुरुजांच्या आड वळवून ठेवा, हत्तीला धडक मारायला धाव घेता येणार नाही असा. गोमुखी दरवाजा हा शब्द मला पुस्तकात फार नंतर भेटला, आधी तो माझ्या नखांत चिखल होऊन गेला होता. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक होतं. त्यावर आम्ही गाळलेल्या जागा भरल्या.

महाराष्ट्रातल्या मुलांनी स्वतःहून केलेला इतिहासाचा हा एकच खराखुरा प्रकल्प, आणि तो नेमका सुट्टीत यायचा, त्याला कोणी गुण द्यायचं नाही. म्हणून तर इतकी वर्षं जगला. आता तोही माझ्याच दुकानात येऊन मेला. प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला, खाली पाट, वर मावळे चिकटवलेले, सोसायटीच्या स्पर्धेसाठी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्या दिवाळीत मागणी वाढली आणि मी जादा माल मागवला. वारसा असा पुढे जातो.

मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांचा हवाला देऊन 'हे आपल्या परिस्थितीत जमत नाही' म्हणणारे माझ्या दुकानातही येतात. त्यांना मी कोसबाडचं सांगतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा चालवली. मुलं येईनात, कारण ती गुरं राखायला जायची. तर यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिलं कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं तिथेच पानं, बिया, दगड घेऊन मोजतायत. प्रोजेक्टर नव्हता, थर्माकोल तर नव्हताच. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद सुरू केलं. अरविंद गुप्ता आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन भूमितीचे आकार करायला शिकवत फिरले, पुण्यात आयुकामध्ये बसून त्यांनी कचऱ्यातून शेकड्यांनी खेळणी केली. आणि विज्ञानशिक्षणाचं होमी भाभा केंद्र, १९७४ पासूनचं, तर आमच्याच मुंबईत मानखुर्दला आहे. एवढं घरात असताना जमत नाही म्हणायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. जमत नाही असं नाही, त्याचा फोटो चांगला येत नाही. चिखलाचे हात, फुटलेली बाटली, चुकलेलं उत्तर, हे ओपन हाऊसच्या टेबलावर कसं मांडणार?

शिक्षिकांवर मी सगळं ढकलत नाही. माझ्याकडे त्याही येतात, त्यांचे चेहरे मी बघतो. एका वर्गात पन्नासच्या वर मुलं, त्यांतल्या प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला तर बाई वेडी होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं शिक्षकांकडून करून घ्यायची मुभा ठेवली आहे, म्हणजे सरकारी आणि पालिकेच्या शाळेतली बाई मतदारयादी घेऊन जिने चढतेय, आणि खासगी शाळेतली बाई पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा घेऊन गप्प बसतेय. तिला प्रकल्पाचा रकाना एका दुपारी भरायचा असतो. सारखे दिसणारे पन्नास ज्वालामुखी तिला सोयीचे आहेत. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच मागितले असते. पण 'बाल-संशोधकांची शाळा' असे फलक लावून दर वर्षी फी वाढवणाऱ्यांना ही सवलत नाही. त्या फीमधून दर वर्गाला दोन थर्मामीटर, एक तराजू आणि एक मोकळी दुपार देता येत नाही का? दोन थर्मामीटर, बास. लाव्हा गार आहे म्हणणाऱ्या पोराला हातात द्यायला.

पालकांबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. मुलाने वाकडा काढलेला सूर्य पुसून स्वतः सरळ काढणारी आई मी रोज बघतो. शेजारच्या मुलाचं मॉडेल फिरतं, आमचं का फिरत नाही म्हणून माझ्याशी भांडणारा बाप बघतो. यांना मूल शिकायला नकोय, मांडायला हवंय. आणि त्याच तोंडाने हे लोक म्हणतात, आमच्या वेळी पाठांतर होतं तेच बरं होतं. बरं काय होतं? तुमच्या वेळच्या पाठांतराने तुम्हाला प्लूटो तेवढा नववा आठवतोय. पाठांतर आणि थर्माकोल ही एकाच आईची लेकरं आहेत. दोन्हींत उत्तर आधी ठरलेलं असतं.

पावसाचं एकच सांगतो. जूनमध्ये माझ्या मुलाला, तो चौथीत आहे, मी दुकानाच्या पत्र्यावर एक बाटली लावून दिली. सरळ भिंतीची, वरून कापलेली, बाजूला पट्टी चिकटवलेली. रोज सकाळी तो मिलिमीटर लिहितो. पहिले दोन आठवडे मांजराने पाडली, एकदा कावळ्याने त्यात पाव टाकला. जुलैत एका दिवशी १२६ भरलं आणि आमच्या गल्लीत घोटाभर पाणी आलं. त्या रात्री मी त्याला सांगितलं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ पडला होता. त्याने पट्टी आणली, भिंतीवर ९४ सेंटीमीटरची खूण केली आणि स्वतः तिच्याशेजारी उभा राहिला. खूण छातीला लागली. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग त्याने विचारलं की ते पाणी गेलं कुठे. मी म्हटलं, मिठी नदीला विचार. त्याची वही शाळेत दाखवली तर सांगण्यात आलं की छान आहे, पण मॉडेलच्या स्वरूपात द्या, दीड फूट बाय एक फूट.

मागच्या आठवड्यात 'अवर रिव्हर्स' होतं. दिवसभर निळा जिलेटीन पेपर संपत होता. संध्याकाळी मिठीकाठच्या वस्तीतला एक मुलगा आला, एकटाच, मुठीत दहाची नोट. "काका, जिलेटीनमध्ये काळा आहे?"

"काळा कशाला?"

"नदीला."

लाल, हिरवा, निळा, पिवळा, एवढेच येतात, मी म्हटलं. तो काउंटरला हनुवटी टेकून विचार करत राहिला. मग झेरॉक्स मशीनकडे बघून म्हणाला, "त्यातली काळी पावडर थोडी मिळेल? निळ्यावर चोळतो." ती अंगाला चांगली नसते, मी सांगितलं. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. त्याने खिशातून मॅडमची यादी काढून पुन्हा वाचली. यादीत निळाच लिहिला होता.

त्याने निळा घेतला. आठ रुपये झाले. सुट्टे दोन नव्हते, म्हणून मी त्याला वर एक सोनेरी चांदणी दिली.